ड्रायव्हरचा वाकडा पाना

ड्रॉइंग मास्तर ड्रायव्हरवर जळतात, ही गोष्ट आमच्या गल्लीत फक्त दोघांना ठाऊक नव्हती. एक ड्रायव्हर आणि दुसरे खुद्द मास्तर. मास्तरांची अशी समजूत होती की आपल्याला त्या माणसाची नुसती कीव येते.

कीव यावी असं त्यांना बरंच काही दिसायचं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले ते वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा हट्ट बरोबर घेऊनच. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये त्यांची बावीस वर्षांची लहानशी मोटार आणि समोरच्या भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा. फळ्यावर खिळे, खिळ्यांना हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे पांढऱ्या रंगात काढलेली त्याची हुबेहूब आकृती. पाना उचलला की भिंतीवर त्याची सावली उरावी, तशी. गाडी दुरुस्त करायला ते कधी गॅरेजात गेले नाहीत. रविवारी सकाळी जुनी पँट चढवायची, बॉनेट उघडायचं आणि दुपारपर्यंत आत डोकं घालून पुटपुटत राहायचं, हा त्यांचा नेम होता.

ड्रायव्हर राहायचे शेजारच्याच घरात. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. त्यांची हत्यारं असायची कान तुटलेल्या बादलीत, भाजीसारखी एकावर एक. फळा नाही, खिळा नाही. बादलीत न बघता हात घालायचे आणि हवा तो पाना वर काढायचे. तीस वर्षांत त्यांचा एकही पाना हरवला नव्हता.

आणि मास्तरांच्या फळ्यावर सहा आकृत्या रिकाम्या होत्या!

काम करताना पाना निसटायचा, इंजिनात कुठेतरी ‘टण्ण’ वाजायचं, मग ‘टुण्ण’ वाजायचं, आणि जमिनीवर काहीच पडायचं नाही. मास्तर खाली वाकून बघायचे, वर येऊन बघायचे, शेवटी बायकोवर ओरडायचे.

मास्तरीणबाईही काही कमी नव्हत्या. “भाऊजींना बोलवू का?” असं त्या इतक्या गोड आवाजात विचारायच्या की मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाऊजी म्हणजे ड्रायव्हर. गल्लीत कुणाचीही गाडी अडली की ‘ड्रायव्हरकाकांना हाक मारा’. मास्तर स्वतः समोर हात काळे करून उभे असले तरी! आणि एकदा तर दूरच्या गावी नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एक मुलाने फोनवर विचारलं, “बाबा, माझ्या स्कूटरचा ब्रेक लागत नाहीये. काका आहेत का शेजारी? जरा त्यांना द्या ना फोन.”

मास्तरांनी फोन दिला. दिला, पण दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

तर त्या आठवड्यात असं झालं की मुलाने कळवलं, शनिवारी येतोय, मोटार महिनाभरासाठी घेऊन जातो. आणि नेमका गाडीचा स्टार्टर गेला. किल्ली फिरवली की नुसतं ‘कट्’. मास्तरांनी मनाशी ठरवलं, स्टार्टर आपण स्वतः काढायचा, स्वतः नीट करायचा, स्वतः बसवायचा. मुलाने एकदा तरी विचारावं, “हे कुणी केलं?” आणि आपण म्हणावं, “मी.” एवढी एकच हौस होती हो बिचाऱ्याची.

पण त्या स्टार्टरचा वरचा बोल्ट असा काही आडोशाला होता की सरळ पाना तिथे पोचेचना. दोन दिवस मास्तरांनी बोटांची सालं काढून घेतली. ड्रायव्हर कुंपणावर हात टेकून बघत होते.

“मास्तर, वाकडा देऊ का?”

“वाकडा काय?”

ड्रायव्हरनी बादलीत हात घालून चौदाचा एक रिंग पाना काढला. कधीकाळी लाल होईपर्यंत तापवून त्यांनी तो स्वतःच्या हाताने मानेशी वाकवला होता. वापरून वापरून त्याच्या कडा झिजल्या होत्या आणि दांडा हाताळलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत झाला होता.

मास्तरांनी तो घेतला, आत घातला, आणि काय सांगू! पाना स्वतःच वाट काढत बोल्टवर जाऊन बसला. एक झटका दिला आणि बोल्ट सुटला. मास्तरांच्या तळव्यात तो दांडा असा बसला की जणू त्यांच्याच मापाने वाकवला होता. आधी त्यांना आनंद झाला. पुढच्याच क्षणाला मनात आलं, असली वस्तू या माणसाकडे, आणि तीही बादलीत!

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्टार्टरमधले झिजलेले कार्बनचे तुकडे बदलून झाले आणि तो परत जागेवर गेला. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू. मास्तरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “अगंबाई! भाऊजींच्या पान्याने काम केलं म्हणायचं.”

बस. त्या एका वाक्याने घात केला. पाना परत द्यायला निघालेले मास्तर कुंपणापाशी थांबले आणि मागे वळले. जुन्या चित्रांची एक लांबलचक गुंडाळी कपाटावर होती, तिच्या पोटात पाना सरकवला. आणि सवयीचा गुलाम माणूस, त्याच्याही आधी त्याने काय करावं? तो पाना फळ्यावर टेकवून पेन्सिल फिरवली, ब्रश घेतला आणि त्याची वाकडी आकृती रंगवून टाकली. आज ना उद्या ड्रायव्हर विसरतील, मग लावू खिळ्याला. तोवर आकृतीवर हात पुसायचं फडकं अडकवून दिलं.

शनिवारी सकाळी ड्रायव्हर कुंपणाशी आले. “काय मास्तर, सुटला का बोल्ट?”

“सुटला. पण तुमचा तो पाना...” मास्तरांनी मान हलवली. “काम करताना आत पडला. कुठे गेला कळत नाही. नवीन आणून देतो तुम्हाला.”

त्यांना वाटलं होतं, माणूस हळहळेल, दोन शब्द बोलेल आणि जाईल. पण ड्रायव्हरचा चेहरा वेगळ्याच काळजीने उतरला.

“आत पडला? आणि पोरगा आज गाडी नेणार?”

“मग?”

“मग काय, मास्तर! पाना पंख्याच्या पट्ट्यात गेला तर? भर रस्त्यात पट्टा तुटेल, नाहीतर सुकाणूच्या दांड्यात अडकेल. पाना सापडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मी सांगतोय.”

आता बघा कशी पंचाईत झाली. जी गाडी मुलाला दाखवायची, तिच्यावरच मास्तरांच्या थापेने कुलूप घातलं. खरं बोलावं तर चोर ठरतो, खोटं टिकवावं तर मुलगा रिकाम्या हाताने परत जातो. मास्तर नुसतेच “नाही, म्हणजे, कदाचित...” करत उभे राहिले. तोवर ड्रायव्हर जॅक लावून, चाकांमागे विटा ठेवून, पोतं अंथरून गाडीखाली शिरलेसुद्धा. पाठीचं दुखणं असलेला माणूस, वय सदुसष्ट.

अर्ध्या तासाने पोत्यावरून आवाज आला. “सापडलं!”

मास्तर चटकन खाली वाकले. सापडणार कसं? पण ड्रायव्हरच्या हातात होती दहा नंबरची गोटी, म्हणजे बोल्टवर टोपीसारखी बसते ना, ती. चार वर्षांपूर्वी हरवलेली. खालच्या आडव्या पट्टीवर ग्रीस आणि धुळीत रुतून बसली होती.

“ही तुमची का?”

“माझीच,” मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

मग एकेक निघत गेलं. रेडिएटरपुढच्या फटीतून निळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. इंजिनाखालच्या पत्र्यावरून दोन पाने आणि एक लांब दांडी. बॅटरीखालून पक्कड. ड्रायव्हर प्रत्येक वस्तू रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, तळव्यावर तोलायचे, उजेडात धरून त्यावरची अक्षरं वाचायचे.

“मास्तर, ही पक्कड कुठली हो? बघा तोंड कसं मिळतंय, केस धरेल. असं पोलाद आता मिळायचं नाही. एवढी चीज आणि तुम्ही चिखलात ठेवली होतीत?”

मास्तरांनी पक्कड घेतली. वीस वर्षं त्यांच्याकडे होती, पण तिच्या तोंडाकडे त्यांनी कधी निरखून पाहिलं नव्हतं. खरंच केस धरेल अशी होती. आणि ती ड्रायव्हरच्या हातात जास्त शोभत होती, याने त्यांचा जळफळाट आणखी वाढला. माझी हत्यारं, माझी गाडी, आणि सापडतात याला!

सर्वांत शेवटी निघाली ती सांडशी. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी कप तसाच बॉनेटवर ठेवला.

“ही माझी सांडशी! आणि मी धाकट्या जावेवर आळ घेतला होता! दोन वर्षं बोलत नाही आम्ही!”

“तेव्हा पाइप धरायला काही मिळत नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“तोंड काय शिवलं होतं का तेव्हा?”

ड्रायव्हर गाडीखालून खदखदून हसले. “वहिनी, गाडीत अजून शोधू का? तुमचे दागिने वगैरे काही हरवलेत?”

चारच्या सुमाराला मुलगा खांद्याला पिशवी लावून आला. बघतो तर काका गाडीखाली, आई तावातावात, बाबा भिंतीला टेकून. “काय झालं?” त्याने विचारलं, तेही वाकून, गाडीखाली बघून. मास्तरांनी ते बरोबर हेरलं. विचारलं कुणाला, तर त्याला!

“बाबांच्या हातून माझा पाना आत पडलाय,” ड्रायव्हर बाहेर सरकत म्हणाले. “सगळं मिळालं, तेवढा मिळेना. आज काही नेता यायची नाही रे तुला गाडी.” कमरेवर हात ठेवून ते उठले, सापडलेली हत्यारं गोळा करून फळ्यापाशी गेले आणि एकेक आपापल्या आकृतीवर लावू लागले. गोटी, स्क्रू ड्रायव्हर, पाने, दांडी, पक्कड. मग ग्रीसचे हात पुसायला त्यांनी खिळ्यावरचं फडकं ओढलं.

मास्तर “अहो थांबा” म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

फडक्याखाली पांढरी, वाकडी, ताजी आकृती. मान नेमकी त्याच कोनात वळलेली. मास्तरांचा हातच तसा, चुकायचा नाही. ड्रायव्हरनी तिच्यावर अंगठा टेकवला. तैलरंग फडक्याखाली अजून ओलाच होता, अंगठ्याला लागला. ते अंगठ्याकडे बघत राहिले. मग मास्तरांकडे. मास्तर पायाकडे बघत होते.

“भाऊजी, काय झालं?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही, वहिनी.” ड्रायव्हरनी अंगठा पँटला पुसला आणि फडकं परत अडकवलं. “आत्ता आठवलं बघा. वय झालं माझं. पाना मास्तरांनी कालच दिला होता मला. माझ्याच बादलीत असणार. उगाच दिवसभर गाडी उसवली. ने रे बाबा तू गाडी.”

मुलगा हसला. “काका, तुम्ही पण ना! पण बाबांची सगळी हत्यारं मिळाली की तुमच्यामुळे!”

“भाऊजींचं मन मोठं आहे, चूक लगेच कबूल करतात,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “नाहीतर काही माणसं.”

झालं होतं काय, तर मास्तर सुटले होते. गाडी मोकळी, मुलगा खूश, चोरी झाकली गेली. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून चहा प्याला असता. पण मास्तरांच्या कानात आग पेटली. हत्यारं शोधली यानं, दिवसभर पाठ मोडून घेतली यानं, आणि आता माझी चोरीसुद्धा यानंच स्वतःच्या नावावर घेऊन मोठेपणा मिळवला! माझं म्हणून काहीच राहू देणार नाही का हा माणूस?

“खोटं बोलतात ते!” मास्तर ओरडले.

सगळे दचकले. पलीकडच्या गच्चीवर कपडे काढणारी बाईसुद्धा थांबली, म्हणून तर गल्लीला सगळं कळलं.

“मास्तर, राहू द्या ना,” ड्रायव्हर हळूच म्हणाले.

“का राहू द्या? बादलीत नाहीये तो! मी लपवलाय. मी! चित्रांच्या गुंडाळीत आहे, कपाटावर. मला आवडला म्हणून ठेवून घेतला आणि हरवला म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही केलं हे!”

एवढं बोलून मास्तर आत गेले. थोड्या वेळाने गुंडाळी घेऊन बाहेर आले, ती उभी धरून हलवली. पाना फरशीवर ‘ठण्ण’ करून पडला. कुणी उचलेना. मास्तरीणबाईंनी तोंडाला पदर लावला होता, रडायला की हसायला ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

ड्रायव्हरनी पाना उचलला आणि मास्तरांपुढे धरला. “धरा.”

“मला नको.”

“अहो, धरा म्हणतो ना. तुमच्या स्टार्टरचा वरचा बोल्ट बोटाने फिरतोय. सकाळीच हाताला लागला होता, पाना मिळाल्यावर सांगणार होतो. खालचा आवळलात आणि वरचा विसरलात. आधी तो आवळा, मग काय भांडायचं ते भांडू.”

मास्तरांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, मग वाकून बॉनेटमध्ये हात घातला. ड्रायव्हरनी टॉर्च धरला. “थोडा उजवीकडे. हं. आता बसला.” “कळतं मला.” “कळतं तर काल का विसरलात?” “उजेड नीट धरा.” असं करत करत बोल्ट आवळून झाला.

मुलाने किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, आवाज एकसारखा, कुठे खडखड नाही. त्याने काच खाली करून मान बाहेर काढली.

“मस्त झालाय स्टार्टर! कुणी केला?”

सवयीने तो ड्रायव्हरकडेच बघत होता. ड्रायव्हर एकाएकी आकाशात काहीतरी शोधू लागले.

“मी,” मास्तर म्हणाले.

पुढचं वाक्य बाहेर काढण्यापेक्षा तो वरचा बोल्ट परवडला असता.

“पाना ह्यांचा होता,” ते म्हणाले. “पण काम माझं.”