पडद्यावरचे आजोबा

शेजारच्या घरी वाढदिवसाला मुलं एका मोबाइलभोवती गोळा झाली होती. पडद्यावर कुणीतरी एका आजोबांची खुर्ची मागून ओढली, ते धपकन पडले आणि सगळी पोरं खदखदून हसली. आमची सहा वर्षांची रूथ मात्र हसली नाही.

घरी टीव्ही घेतला तेव्हा चर्चमधल्या एका मावशींनी बजावलं होतं, "पोर बिघडेल." माझी बायको म्हणाली, "दार लावून किती दिवस ठेवणार, मावशी? आम्ही तिच्याजवळ बसून बघू." तसे आम्ही बसतो. कार्टून बघून तिच्याइतकेच हसतो, मध्येच बोलतो. शेजाऱ्यावर प्रीती करा, असं प्रभूनं सांगितलं; पडद्यावरचा माणूसही शेजारीच, एवढंच आमचं शिकवणं. त्यातलं तिच्यात किती उतरतं, हे कळायला मार्ग नव्हता.

"आजोबांना लागलं असेल," रूथ म्हणाली.

"अगं, ते खोटं खोटं पडतात," एक मुलगा म्हणाला.

"मग खोटं खोटं उठवा तरी त्यांना!"

दारात उभ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. हे वाक्य आम्ही तिला शिकवलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.