फळा आता तुम्हीच लिहा

"तुम्ही फक्त फळा छान लिहा हो. इतिहास-बितिहास आम्ही बघतो."

शाळा समितीचे अध्यक्ष भर बैठकीत असं म्हणाले आणि सगळे हसले. त्या खोलीतल्या फळ्यावर सकाळी मीच 'सुस्वागतम्' काढलं होतं, कडेला कमळं. चित्रकलेची बाई म्हटलं की हे ठरलेलंच. सूचना असो, सत्कार असो, फळा आमच्याच गळ्यात.

आमची शाळा बोरीवलीत. मागच्या डोंगरात कान्हेरीची लेणी, आणि माझ्या सातवीच्या पोरांना ती फक्त सहलीची जागा म्हणून ठाऊक. म्हणून मी वर्षभर खपून कलेच्या इतिहासाचे दहा पाठ लिहिले. पहिला कान्हेरीचाच. एवढा डोंगर कोणी कोरला, कसा कोरला, हे पोरांनी विचारावं, बस.

पाठ आधी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना दाखवले. मी याच शाळेत शिकले. चौथीत माझ्या हातात ब्रश दिला तो त्यांनीच. वाचून म्हणाल्या, "काय लिहिलंयस गं! समितीत मी भांडते, तू बघच." मला त्या आईच्या जागी होत्या.

बैठकीत अध्यक्षांनी पाठांचे कागद बोटाच्या टोकाने उलटले. "चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसवा पोरांना. दहावीला वाढीव मार्क मिळतात, तेवढं पुरे. आणि ही लेणी कशाला? जिथे तिथे तुमचंच काय आणता?"

तुमचंच. लेणी बौद्ध, आणि आम्हीही बौद्ध. खोलीत सगळ्यांना कळलं ते काय म्हणाले.

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मी तिला आधीच नको म्हटलं होतं."

धडधडीत खोटं. अध्यक्षांचं बोलणं नवीन नव्हतं, असलं ऐकतच मी मोठी झाले. पण बाईंनी केसाने गळा कापला. अजून आठवलं की अंगाची आग होते.

ठराव झाला. सातवीचे चित्रकलेचे तास गणिताला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, घ्या फळ्यावर. सुंदर अक्षरात हं, पालक येणारेत."

मी उठले. सवयीने. फळा पुसला, रेघ मारली, ठरावातला 'ठ' काढलासुद्धा. मग हात थांबला. माझ्याच तासांची तिरडी मी रंगीत खडूने सजवत होते.

खडू बाईंपुढे ठेवला. "तुम्ही लिहा."

"अगं, सगळ्यांसमोर काय हे?"

"सगळ्यांसमोरच."

त्यांनी लिहिलं. अक्षरं रेघ सोडून खाली उतरली. मला दया आली नाही.

त्यानंतर मी शाळेचा एकही फळा सजवलेला नाही. मेमो आला. मी लेखी उत्तर दिलं, माझी नेमणूक चित्रकला शिकवायला झालीय. आठवी-नववीचे तास अजून माझ्याकडे आहेत. तिथे कान्हेरीचा पाठ शिकवून झाला. तेही तास काढले तर मधल्या सुट्टीत शिकवीन, डबा खाता खाता. मेमो रोज द्या. पाठ दहा आहेत, दहाही होणार.