नयनला पोहता येतं, असं मी म्हटलं

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, जहाजावर माझ्या वरच्या बंकवर झोपणाऱ्या मुलीपाशी नाही. देवळात तर नाहीच — देवाला सांगून मोकळं व्हायचं, ही सोय मला नको होती. तुला सांगते. फक्त मधेच ‘तू तेव्हा लहान होतीस’ असं म्हणू नकोस. एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

नौदलात गेलेली आमच्या वाडीतली पहिली मुलगी मी. शाल मिळाली, नारळ मिळाला, कुणीतरी भाषणात ‘दर्याची लेक’ म्हणालं. त्यात खोटं काय? बाबांची होडी आहे, आई मालवणच्या बाजारात मासे विकते, आणि मी चालायला लागले त्याच्या आसपास पोहायलाही लागले. वर्दी मी घाम गाळून मिळवली. ती मी परत करणार नाही, हे आधीच सांगते.

पण भरतीची तयारी आम्ही दोघींनी केली होती. मी आणि नयन.

नयन धामापूरची. घरची काजूची बाग, भातशेती. कॉलेजात एका बाकावर बसायचो. धावायला लागली की वाळूत तिचे पाय रुतायचेच नाहीत. गणितात तर — मला शेकडेवारी कधी जमली नाही, ती तोंडी करायची. तिला एकच गोष्ट येत नव्हती. पाणी. म्हणून आमचं ठरलं, गणित तिनं शिकवायचं, पोहणं मी. दर रविवारी ती पहिल्या एसटीनं यायची. आधी किनाऱ्यावर धावणं, मग आमच्या पडवीत गणितं, आणि ओहोटी लागली की खाडीत उतरायचं.

तिनं मला खरंच शिकवलं. एकच उदाहरण सात-सात वेळा, न वैतागता. लेखी परीक्षा झाली, दोघी पास झालो.

आणि माझं काम संपलं. कळतंय ना तुला? माझं संपलं होतं, तिचं राहिलं होतं.

ती पाण्यात आडवी व्हायची तेव्हा मी तिच्या पोटाखाली हात धरायचे. एकदा तिनं विचारलं, “हात काढलंस?” मी म्हटलं, “कधीच काढलंय. तू एकटी पेवतंस.” केवढी हसली ती. पाणी नाकात जाईपर्यंत हसली.

हात काढलेला नव्हता. त्या दिवशी नाही, नंतरच्या रविवारीही नाही. मला कंटाळा आला होता, एवढंच. शिकवणी संपवायची होती. तिथवर तो आळस होता — आळस म्हणून मी तो सोडूनही दिला असता. पुढचं सोडता येत नाही.

प्रशिक्षण केंद्रात आम्ही एकाच तुकडीत आलो. केस कानापर्यंत कापले, पहाटे शिट्टी, नवे बूट, टाचांना फोड. रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. मुली उशीत तोंड घालून रडायच्या. मीही रडले. नयन नाही रडली. दुसऱ्याच आठवड्यात तिला तुकडीची प्रमुख केलं. एका लांब दौडीत मी ओकले आणि रस्त्यातच बसले, तर तिनं माझा पट्टा धरला आणि मला ओढत शेवटपर्यंत नेलं. ती नसती तर मी तिथूनच परत आले असते. आम्हाला शिकवणारे उस्ताद सगळ्यांसमोर मला म्हणाले, “इससे कुछ सीखो.”

तिचे आभार मानायचे होते ना मी? मी तिचा द्वेष करायला लागले. दुसरा शब्द नाही.

मग पोहण्याच्या तलावाचा पहिला दिवस आला. पोहता येणाऱ्यांनी डावीकडे, न येणाऱ्यांनी उजवीकडे. डावीकडच्यांना उंच फळीवरून खोल पाण्यात उडी मारायची होती; उजवीकडच्यांना कमरेएवढ्या पाण्यात दोरी धरून शिकवणार होते, त्यात लाज काहीच नव्हती. नयन माझ्याकडे वळली. “मी खंय उभी रवू गो?”

विचार करायला वेळ होता मला. भरपूर होता. ती खाऱ्या पाण्यात, माझ्या हातावर तरंगलीय, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “तुका पेवूक येता. हयसर ये.”

ती मरावी असं मला वाटत नव्हतं. पण तिनं सगळ्यांसमोर गटांगळ्या खाव्यात, एकदा तरी ओशाळं व्हावं — हे मला हवं होतं. हवंच होतं.

तिनं उंच फळीवरून उडी मारली. वर आली नाही. मी काठावरच होते, सगळ्यात जवळ, सगळ्यांत चांगली पोहणारी. मी हलले नाही. उस्तादांनी कपड्यांसकट उडी टाकली.

छातीत पाणी गेलं होतं. बरेच दिवस ती दवाखान्यात होती. “किसने कहा तुझे तैरना आता है?” या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं, “सर, मुझे लगा आता है.” त्यानंतर काठाशी नेलं की ती मागं सरायची. पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले, शेवटी घरी पाठवलं. तिची पेटी मी भरली. घड्या नीट घातल्या.

प्रशिक्षण संपल्यावर माझी दीक्षान्त परेड झाली. पांढरी वर्दी, आईबाबा समोर. माझा आनंद नासला असेल, असं तुला ऐकायचंय का? नव्हता नासला. मी खूश होते.

गेल्या सुट्टीत धामापूरला गेले. नयन आता दहावीच्या मुलींची गणिताची शिकवणी घेते. मुलींना माझी ओळख करून देताना म्हणाली, “हिना माका बरा शिकयलेला. माझोच धीर सुटलो.” तेव्हा बोलता आलं असतं. मुली गेल्यावर आम्ही दोघीच तासभर बसलो होतो, तेव्हाही आलं असतं. मी तिला जहाजावरच्या गमती सांगितल्या.

दुपारी तिच्या आईनं पान वाढलं. काजूची उसळ, सोलकढी. “आणि भात वाढू गो?” असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि पोटभर जेवले.