बेडूकमामाला आवतान

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. शिक्रापुरात एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर आलेले पार्ट मापायचे आणि मापात नसला की लाल स्टिकर चिकटवून बाजूला काढायचा. आई म्हणते, नोकरी अगदी स्वभावाला शोभेल अशी मिळाली.

तर मशिनांच्या देखभालीसाठी कारखाना पाच दिवस बंद होता आणि मी ठरवलं होतं की खोलीचं दार लावून घ्यायचं आणि गेम संपवायचा. तीन भागांचा गेम आहे. आपण अंतराळयानाचे कप्तान. ग्रहाग्रहांवर हिंडून नाना तऱ्हेचे जीव गोळा करायचे, त्यांच्याशी बोलायचं, त्यांची भांडणं मिटवायची, आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळ्यांना घेऊन एक मोठी लढाई. पहिल्या भागात तुम्ही कुणाला टाकून बोललात तर तो ते तिसऱ्या भागापर्यंत मनात ठेवतो. आमच्या भावकीसारखंच.

पहिले दोन भाग मी दौंडला खेळले. कॉलेजला असताना काकांकडं राहायचे. काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, धाकटे भाऊ. रेल्वेतून रिटायर झालेले. संध्याकाळी चहा घेऊन शेजारी खुर्ची टाकायचे आणि म्हणायचे, "काय म्हनतोय बघ तो, मला सांग." यानाच्या तळाला, इंजिनाच्या खोलीत, बेडकाच्या तोंडाचा आणि चार डोळ्यांचा एक अगडबंब सैनिक राहतो. काकांचा जीव त्याच्यावर. त्याचं बेडूकमामा हे नाव त्यांनीच ठेवलं. दुसरा भाग संपला त्या दिवशी आमचं ठरलं होतं की तिसरा दोघांनी मिळूनच खेळायचा आणि मामाला शेवटपर्यंत जिवंत ठेवायचं. "बेडूक मेला तर मला तोंड दाखवू नको," काका म्हणाले होते, आणि ते थट्टेत म्हणाले होते असं मला आजही वाटत नाही.

मग ताईचं लग्न निघालं आणि सगळं फिसकटलं. त्याचं काय झालं ते सांगायला आधी आप्पांविषयी सांगावं लागेल. आमच्या भागात लग्न म्हटलं की रुसणारा पाव्हणा आलाच. कुणाचा टॉवेल हलका निघाला, कुणाचं नाव पत्रिकेत खाली गेलं, कुणाला जीपमध्ये मागं बसवलं. मग तो मांडवामागं एखाद्या दगडावर पाठ करून बसतो आणि जेवत नाही. अशा वेळी आमच्या गावी, निमोण्याला, आप्पांना बोलावणं येतं. पार केंदूरपर्यंत त्यांचं नाव आहे. त्यांची रीत ठरलेली. "रुसलेल्याजवळ रुसव्याचं काढायचं न्हाई. पानी मागायचं. गुरांचं इचारायचं. मग शेजारी गप बसून ऱ्हायचं. तो जेवला की मिटलं."

असा हा माणूस ताईच्या लग्नात पंधरा दिवस पत्रिका आणि अक्षता घेऊन दारोदार फिरला. ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांच्याही उंबऱ्याला गेला. आणि दौंडच्या सख्ख्या भावाला काय? पत्रिकेचा फोटो मोबाईलवर. तोही भावकीच्या ग्रूपवर, गॅस सिलिंडरच्या जाहिरातीखाली!

"आगं, पत्रिकेत निमंत्रक म्हनून त्याचं नाव छापलंय," आप्पा म्हणाले. "आवतान देनाऱ्याला कुनी आवतान देतं व्हय? तो घरचा हाय."

काकांनी तो फोटो उघडलासुद्धा नाही. लग्नाला काकी एकट्या आल्या, यांना बरं नाही म्हणाल्या, जेवल्या आणि गेल्या. त्याला दोन वर्षं झाली. जगाचे रुसवे काढणारे आप्पा दौंडची एसटी काही धरेनात, आणि काका माझ्याशीसुद्धा "बरी हाईस ना? बरं," एवढंच बोलून फोन ठेवायला लागले. मला दोघांचाही राग यायचा. त्याहून जास्त वाईट वाटायचं. गेमचा तिसरा भाग तसाच पडून होता. शेवटी या सुट्टीत म्हटलं, नाही ना येत काका? नका येऊ. मी एकटी खेळते.

पहिल्या दिवशी सकाळी लॅपटॉप मांडला. तो तापतो म्हणून त्याच्याखाली ताईच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा लावला. यान सुरू होतंय तोच दार वाजलं. आप्पा. हातात पिशवी, पिशवीत धोतर आणि अर्धा किलो गवार.

"मोतीबिंदूचं हाय आज," म्हणाले. "तुला सुट्टी हाय म्हनून डॉक्टरांकडनं हीच तारीख घेतली."

मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा माझ्या पलंगावर, डोळ्यांवर हा भलामोठा काळा चष्मा, आणि दर दोन तासांनी थेंब. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. टीव्ही थोडा थोडा चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्याकडं टीव्ही नाही. आप्पा लॅपटॉपकडं तोंड करून बसले. त्या चष्म्यात ते माझ्यापेक्षा जास्त कप्तान दिसत होते.

अर्धा तास नुसते बघत होते. मग म्हणाले, "ही दोन टोळकी एकमेकांकडं बघंनात. कशावरनं बिनसलंय?"

मी सांगितलं की एका जमातीनं दुसऱ्या जमातीचा ग्रह शंभर वर्षांपूर्वी बळकावला.

"म्हंजी बांधाचंच की," आप्पा म्हणाले आणि पलंगावरून खुर्चीवर आले.

झालं, त्या क्षणी माझी सुट्टी संपली. गेममध्ये समोरचा बोलला की आपल्याला तीन-चार उत्तरांतून एक निवडायचं असतं. आप्पा प्रत्येक वेळी सगळी उत्तरं मराठीतून ऐकून घ्यायचे आणि धमकीचं आणि शहाणपणाचं उत्तर फेटाळून लावायचे. "त्याला त्याच्या पोराबाळांचं इचार." "आप्पा, तो यंत्रमानव आहे!" "मग त्याच्या बॅटरीचं इचार." विचारलं. यंत्रमानव विरघळला आणि आपलं अख्खं सैन्य देतो म्हणाला. दगडासारख्या कातडीचा एक सेनापती होता, मी दुसऱ्या भागात त्याचा अपमान करून ठेवलेला. त्याच्यापुढं आप्पांनी मला नुसतं गप्प उभं राहायचं उत्तर निवडायला लावलं, तीनदा. चौथ्यांदा सेनापतीच रडला. आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "केंदूरच्या लग्नात रुसलेला नवऱ्याचा मामा असाच व्हता!"

शेवटची लढाई जवळ आली तशी गेममध्ये सोय होती, सगळ्या मित्रांना यानातल्या रेडिओवरून एकदम निरोप धाडायचा. मी बटण दाबणार, आप्पांनी माझा हात धरला.

"फोनवर आवतान? काय लाज हाय का न्हाई? एवढं मरायला बोलवायचं त्यांना, आन् दारात जायचं न्हाई?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मनात दौंडचं काही आलंच नव्हतं, शप्पथ सांगते. मीही राग गिळला आणि यान वळवलं.

दोन दिवस आम्ही आकाशगंगेत आवतान देत फिरत होतो. अकरा ग्रह. एका ग्रहावरचे जीव नुसते धुराचे होते, त्यांनाही सोडलं नाही. मोठ्या घराला आधी, धाकट्याला नंतर, दोन वैऱ्यांकडं एकाच दिवशी जायचं नाही, हे सगळे मानपान पाळून. अधूनमधून मी थेंब घालत होते आणि गवारीची भाजी करत होते.

पाचव्या दिवशी सकाळी लढाईला निघालो. सगळे आले. धुराचेसुद्धा आले. आप्पांची मान ताठ झाली. मग यानातल्या लोकांची यादी पडद्यावर आली आणि एक जागा रिकामी दिसली. बेडूकमामाची. त्याच्या खोलीतून एक चिठ्ठी निघाली. मामा एकटाच छोटं यान घेऊन शत्रूवर चालून गेला होता आणि मेला होता.

"काय लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

मी वाचून सांगितलं. "कप्तान सगळ्यांच्या दारात गेला. माझी खोली दोन जिने खाली होती. दार उघडंच ठेवलं होतं मी."

"आरं, पन तो तर आपल्याच यानात व्हता!" आप्पा ओरडले. "घरच्या मानसाला काय आवतान द्यायचं?"

माझं डोकंच फिरलं. "दौंडचे काका पण घरचेच होते!" मी म्हणाले, आणि बोलल्या बोलल्या मला रडू आलं. बेडकासाठी की काकांसाठी, ते त्या वेळी मला वेगळं करता आलं नसतं.

थेंबांची वेळ झाली होती म्हणून मी नाक पुसून उठले. त्यांनी चष्मा काढला, मान मागं केली. थेंब पडला आणि डोळ्यातून खाली आलं तेवढं पाणी एका थेंबाचं नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका सांगितलं होतं, मी चटकन टिपलं.

मग ते म्हणाले, "ह्याच्यात मागं जाता येतं का?"

"येतं. कालचं सेव्ह केलेलं आहे."

"चल मग."

कालच्यावर गेलो. दोन जिने उतरून खाली गेलो. मामा आमच्याकडं पाठ करून इंजिनाचे बोल्ट आवळत होता. आप्पांनी सगळ्यात खालचं उत्तर निवडलं, काही न बोलता शेजारी बसायचं. मामानं एकदा मागं बघितलं आणि कप्तानाच्या हातात पाना दिला. मी लढाई सुरू करायला गेले तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हितंच ठेव." मग त्यांनी लॅपटॉप अलगद उचलला, खालच्या गठ्ठ्यातून एक पत्रिका ओढली, माझ्या डब्यातले तांदूळ काढायला लावले आणि कुंकू मागितलं.

शिरूरला जाऊन दौंडची एसटी धरली. धूळ नको म्हणून खिडकी बंद, आप्पा चष्म्यात ताठ बसलेले, माझ्या मांडीवर लॅपटॉप. दार काकींनी उघडलं. काकांनी आम्हाला बघितलं आणि सरळ मागच्या अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीकडं तोंड करून बसले. आप्पा मागोमाग गेले, शेजारच्या पायरीवर टेकले.

"पानी दे रं जरा," आप्पा म्हणाले. काका हलले नाहीत.

"आमची काळी गाय व्यायली. कालवड झाली."

"ही तुमची रीत मला म्हाईत हाय," काका टाकीला म्हणाले. "केंदूरच्या लग्नात तुमच्यासंगं मीच व्हतो."

आप्पांची सगळी विद्या तिथंच संपली. मी दारात उभी होते. आता आप्पा चिडून उठले तर पुन्हा दोन वर्षं त्यांना कोण इथं आणणार? आप्पांनी खिशातून अक्षतांची पुडी काढली, पत्रिका काढली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"पोरीचं लगीन हाय. यायचं बरं का."

काकांनी मान वळवली. "कवा हाय?"

"झालं," आप्पा म्हणाले. "दोन वर्सं झाली. चुकलं माझं, बारक्या."

काकांनी बराच वेळ पत्रिकेकडं बघितलं, मग आप्पांच्या काळ्या चष्म्याकडं, आणि मग मला विचारलं, "बेडूक जिवंत हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनीच सांगितलं, "हाय. आज सकाळीच सोता खाली जाऊन आवतान दिलंय त्याला."

"म्हंजी त्याला माझ्या आधी?" काका एवढ्या जोरात ओरडले की काकी बाहेर आल्या. "चार डोळ्यांच्या बेडकाला माझ्या आधी?"

पण अक्षतांसाठी त्यांचा हात पुढं आला होता.

दुपारभर आम्ही तिघं लॅपटॉपपुढं होतो. दोघं भाऊ माझ्या दोन्ही कानांत एकाच वेळी ओरडत होते, डावीकडं जा, उजवीकडं जा. यानाच्या अर्ध्या भागाला आग लागली. धुराचे जीव शूर निघाले. आणि बेडूकमामा शेवटच्या दारातून लंगडत का होईना, बाहेर आला. काकांनी उठून पडद्याला हात जोडले. मग गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली, ती सरकतच राहिली.

"लई मोठी पत्रिका छापली ह्यांनी," आप्पा म्हणाले.

काकांनी खिशातून त्यांची पत्रिका काढली, चष्मा लावला आणि बोट फिरवत खाली आले. निमंत्रकांमध्ये आप्पांच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात, त्यांचं नाव होतं. ते त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. दोनदा वाचलं आणि पत्रिका घडी करून ठेवून दिली.

"माझं जेवान ऱ्हायलंय," ते म्हणाले.

"काकी करतायत ना," मी म्हणाले.

"ते न्हाई. लग्नातलं. बुंदी व्हती का न्हाई?"

"व्हती," आप्पा म्हणाले.

आप्पांना ओझं उचलायची, उन्हाधुळीत जायची मनाई होती. तरी ते काळा चष्मा सावरत बाजारात गेले आणि बुंदी घेऊन आले. काकांना त्यांनी पाटावर बसवलं आणि मला न सांगता स्वतः वाकून वाढायला लागले. डॉक्टरांचं काय, म्हणून मी ओरडले, पण दोघांपैकी कुणी ऐकलं नाही. आप्पा वाढत होते आणि काका नको म्हणत नव्हते.