नव्या सिस्टीमवर फुलवालीचा फोटो

सन दोन हजार चौदा. माझं वय तेव्हा सदुसष्ट. शाळा मी चौथीत सोडली. कोणी काढलं नाही, मीच सोडली, आणि पुढे जे शिकलो ते कोणाच्या पाया पडून शिकलो नाही. अमरावतीत भाजीबाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत माझं फोटोचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार आणि त्याला पडदा.

निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मग कंप्यूटर आला. लोक म्हणाले, आता बुढा घरी बसते. मी बसलो, पण कंप्यूटरपुढे बसलो. इंग्रजी मला वाचता येत नाही. मी जागा पाठ केल्या. चालू केला की हिरवी टेकडी, वर निळं आभाळ. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं बटण. ते दाबलं की वरून तिसरं चित्र, ते आपल्या फोटोचं. आत गेलं की कैची, बादली, शिक्का. शिक्क्यानं गालावरची चांगली कातडी उचलायची आणि डागावर ठेवायची. दिवे गेले तरी घरातला माणूस माठापर्यंत जातो, तसा माझा हात कंप्यूटरच्या पडद्यावर फिरायचा. कीबोर्डच्या ज्या बटणांचं काम पडे त्यांच्यावर मी टिकल्या चिकटवल्या होत्या. बारीक लाल आणि मोठी लाल सोबत दाबली की झालेली चूक मागे फिरायची. बायको जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. तिच्या टिकल्यांचं पाकीट फडताळात तसंच पडून होतं, ते या कामी आलं.

त्या वर्षांत दुकानाचं काम पालटत गेलं. कापसात काही उरत नव्हतं, सोयाबीन दगा देत होतं, आणि त्या साली तर गारपिटीनं उभा गहू आडवा केला, संत्रा झाडाखाली सडला. लग्नं पुढे ढकलली गेली. अल्बमचं काम आटलं आणि फ्रेमचं वाढलं. माणूस गेल्यावर तेरवीला पाटावर ठेवायच्या फोटोची फ्रेम. लोक घेऊन यायचे एखाद्या लग्नातला घोळका, नाही तर मतदानाच्या कार्डावरचा नखाएवढा चेहरा. त्यातून माणूस वेगळा काढायचा, मोठा करायचा, मागे निळा रंग द्यायचा. माझ्या पोरापेक्षा लहान माणसांच्या फ्रेमा मी त्या दिवसांत इतक्या केल्या, की काच बसवताना चेहऱ्याकडे पाहणं मी सोडून दिलं होतं.

पोरगा अकोल्याला एका दाल मिलमध्ये हिशेबाला होता. तिकडेच खोली करून राहायचा, रविवारी घरी यायचा. सून आणि नातवंडं माझ्याजवळ. दुकानात नवा प्रिंटर घेतला तर जुना कंप्यूटर त्याला ओळखेना. म्हणून एका रविवारी पोरगा एका कंप्यूटरवाल्याला घेऊन आला.

"बाबा, तुमची सिस्टीम म्हातारी झाली," पोरगा म्हणाला.

"म्हातारा तं मीही झालो. मले कोण बदलून राहिलं?"

"तुमचाई नंबर येईन."

कंप्यूटरवाला हसला. मी हसलो नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं बदललं. चालू केलं तर टेकडी नाही, आभाळ नाही. लहानमोठ्या रंगीत फरश्या बसवल्यासारखा पडदा. हिरवं बटण गेलेलं. माउसचा बाण कोपऱ्यात नेला की बाजूनं एक काळी पट्टी निघे आणि बाण हलवला की गडप होई.

"माहे फोटो कुठी गेले?"

"सगळे आहेत काका. फक्त जागा बदलल्या."

"जागाच बदलली तं मंग राह्यलं काय?"

पोरगा म्हणाला, "तुमच्या सुनेले येते हे सगळं. लग्नाआधी कोर्स केला तिनं. तिले विचारत जा."

"दुकान माहं आहे," मी म्हणालो, आणि ते बोलणं तिथंच संपलं.

आता ही गोष्ट सांगावी लागेल. आमच्या घरी सून सासऱ्यापुढे खुर्चीवर बसत नाही. कोणी तसा कायदा केला नाही, पण माझी बायको माझ्या बापापुढे कधी बसली नाही आणि ही माझ्यापुढे बसली नाही. दुकानात खुर्ची एकच, कंप्यूटरपुढची. सून डोक्यावर पदर घेऊन चहाचा कप पडद्यातून पुढे करायची, तेवढाच तिचा दुकानाशी संबंध. मी बाहेर गेलो की शटर खाली ओढून, कुलूप लावून जायचो. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

दोन-तीन आठवडे मी त्या फरश्यांशी झगडलो. साधे पासपोर्ट फोटो निघायला लागले, पण मोठ्या कामाला हात लावायची हिंमत होत नव्हती. अशात फुलवालीचा लेक दुकानात आला. डोक्यावरचे केस उतरवलेले.

फुलवाली म्हणजे माझ्या दुकानाच्या पायरीवर बसणारी बाई. माळ्याची, गावाबाहेर त्यांचा लहानसा मळा, झेंडू आणि शेवंती. सकाळी टोपली घेऊन यायची आणि दुपार कलेपर्यंत हार गुंफत बसायची. मी फ्रेम करायचो, लोक पायरी उतरताना तिच्याजवळून हार घ्यायचे. मी कितीदा म्हटलं असेल, "बाई, एक फोटो काढून घे."

"मेल्यावर काढजा, भाऊ. आता थोबाड धड नाही माहं."

"मेल्यावर सुधारीन काय?"

"तुमी सुधरवानच ना. लोकायचे सुधरवता, माहं काय ओझं झालं?"

त्या उन्हाळ्यात मळ्यातली विहीर आटली. झेंडू जळाला. तरी ती बाजारातून फुलं आणून पायरीवर बसायची. मग तापाचं निमित्त झालं आणि गेली.

लेक म्हणाला, "काका, मायचा एकई फोटो नाही घरी. कार्डावर आहे त्यात ती भूत दिसते. परवा तेरवी आहे. तुमच्यापाशी असंन एखादा?"

होता. दुकानाची नवी पाटी लावली तेव्हा मी समोरच्या फुटपाथवरून पाटीचा फोटो काढला होता. त्यात खाली पायरीवर ती बसलेली. कोणत्या तरी गिऱ्हाइकाकडे पाहून तोंड उघडं टाकून हसत होती. माझं लक्ष पाटीकडे होतं, ती आपोआप आली.

"उद्या संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसलो. फोटो सापडायलाच दुपार झाली. चेहरा कापून मोठा केला तर तो अंधुक. जुन्या सिस्टीमवर तो मी शिक्क्यानं जरा जरा करून उभा केला असता. इथे शिक्का दिसेना. कैची होती, पण ती दाबली की दुसरंच काही उघडायचं. बाण फिरवता फिरवता एक जादूच्या काडीचं चित्र दिसलं. ते दाबलं. पडदा क्षणभर थांबला आणि फुलवाली गोरी झाली. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गालाचे खड्डे गेले, ओठ लाल. दोन्ही टिकल्या दाबल्या, काही मागे फिरलं नाही. दुसरं काही दाबलं, तर फोटो तसाच पक्का झाला. मी स्वतःला समजावलं की वाईट नाही, साफ दिसते. अन् कागद काढला.

लेक संध्याकाळी आला. फोटो हातात घेतला, दाराच्या उजेडात नेला.

"काका, ही कोण आहे?"

"कोण म्हणजे? तुही माय."

"नाही, काका," तो हळू बोलला. "माही माय अशी कधीच नव्हती. लहान असताना पण नव्हती."

मी म्हणालो, "साफ केला आहे." तो म्हणाला, "हो." कागद त्यानं टेबलावर ठेवला, पालथा. "कार्डावरचाच ठेवू मंग. सकाळी पाव्हणे येतीन." आणि गेला. भांडला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते. तो भांडला नाही.

मी तो कागद सुलटा करून पुन्हा पाहिला. त्या हसण्यातला तिचा तुटका दातसुद्धा मशीननं भरून काढला होता. आता उद्या पाटावर काय ठेवणार होते ते? तिचे हार शेकडो चेहऱ्यांना घातले गेले, आणि तिचा हार नखाएवढ्या काळ्या डागाला. मी अंगातला सगळा हेका घेऊन तिथं बसून होतो, आणि तो हेका त्या वेळी काही कामाचा नव्हता.

"मामाजी." पडद्यामागून सून बोलली. तिनं सगळं ऐकलं होतं. "जुना फोटो गेला नसंन. मी सांगू काय कुठी आहे ते?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तिनं ते हो समजून घेतलं.

"बाण खाली डाव्या कोपऱ्यात न्या."

"नेला."

"आता काय दिसते?"

"तुह्या नवऱ्याचं डोकं दिसते. काईच दिसत नाही."

पडद्यामागे हसू दाबल्याचा आवाज आला. "हलू नोका मामाजी. थांबा जरा."

"थांबलोच आहे दोन-तीन आठवड्यापासून."

"आता उजवं बटण दाबा."

दाबलं. भलतंच उघडलं. कंप्यूटरची पाठ दाराच्या पडद्याकडे, तिला मी काय पाहतो ते दिसत नव्हतं आणि मला ती काय म्हणते ते कळत नव्हतं. असं बराच वेळ चाललं. मी एकदा टेबलावर हात आपटला.

बाहेर दिवे लागत होते. मी खुर्चीवरून उठलो.

"बाई, इकडं ये. तू बस."

पडदा हलला, पण ती आली नाही. "तुमी असता मी कशी बसू?"

"मी नाही तिथी. मी बाहेर चाललो."

"बाहेर कुठी? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन, बुढा हवा खाऊन राहिला."

मी पायरीवर येऊन बसलो, दुकानाकडे पाठ करून. त्या पायरीवर मी कधी बसलो नव्हतो, माझीच असून. तिथून दुकान दिसत नाही, लोकांचे पाय दिसतात आणि चेहरे पाहायला मान वर करावी लागते. फुलवाली रोज अशी मान वर करून लोकांशी बोलायची. मागे खुर्ची करकरली. सून बसली होती.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "सापडला, मामाजी. जसा होता तसाच आहे."

मी मागे वळून न पाहता मान हलवली.

"आता साफ करू काय?"

"ते जादूची काडी नोको दाबू. शिक्का आहे काय कुठी?"

"आहे. दुसऱ्या चित्राच्या पोटात ठेवला आहे."

"पोटात कायले ठेवला मेल्यायनं! बरं, घे तो. फक्त अंधुक आहे तेवढंच सुधर. कपाळाच्या आठ्या राहू दे. डाव्या भिवईत विळ्याचा वण आहे, तो पुसू नोको."

"दिसते मले. अन् दात?"

"दात तुटकाच राहू दे. तिचाच आहे तो."

"केसं सुटले आहेत कानावर."

"राहू दे. फुलं करताना सुटतच होते."

ती विचारायची आणि मी रस्त्याकडे तोंड करून सांगायचो. समोरचा पानवाला पाहत होता. पाहू दे म्हटलं. इतकी वर्षं फुलवाली पायरीवर होती, मी खुर्चीवर, आणि तिच्याकडे मी कधी लक्ष देऊन पाहिलं असं मला वाटत नव्हतं. पण विचारलं तसं सगळं आठवत गेलं.

"मामाजी, पाहून घ्या एकदा."

मी आत गेलो. सून खुर्चीवरून उठून भिंतीशी उभी राहिली, पदर सारखा करून. कंप्यूटरवर फुलवाली हसत होती. मागे निळा रंग दिला नव्हता, दुकानाच्या दाराची चौकट तशीच ठेवली होती. मी विचारलं, "निळं काहून नाही केलं?" ती म्हणाली, "त्या तिथीच बसत होत्या ना." कागद काढला, फ्रेम कापली, काच पुसून बसवली. त्या दिवशी काच बसवताना मी चेहऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं, पुढे पाणी मारलं, कंप्यूटर चालू करून ठेवला. फ्रेम पेपरात गुंडाळून काखेत घेतली आणि पडद्याकडे तोंड करून म्हणालो, "बाई, मी तेरवीले चाललो, दुपार होईन. गिऱ्हाईक आलं तं पाहून घेजो." आणि शटर खाली न ओढता मळ्याच्या रस्त्यानं निघालो.