मॅडमची मुंगसं

रोह्याला कंपनीच्या कॉलनीत राहायचो तेव्हा मी घरी शिलाई करत असे. हे कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. कंपनीत नवं युनिट उभं राहत होतं आणि त्यासाठी एक परदेशी इंजिनिअर बायकोला घेऊन आला होता. ती माझ्याकडे सुती झगे शिवून घ्यायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून दोन तोंडं बाहेर डोकावली. एक तपकिरी, एक पांढरंशुभ्र, गुलाबी डोळ्यांचं. मी सुईदोरा टाकून मागे सरले.

"फेरेट," ती हसत म्हणाली.

मुंगसाच्या चणीची, पण त्याहून मऊ, लांबट जनावरं. कॉलनीत सगळे त्यांना मॅडमची मुंगसंच म्हणत. ती माप देत असेपर्यंत दोघं माझ्या शिलाईखोलीत धुमाकूळ घालायची. पाठीची कमान करून आडव्या उड्या मारायची, घशातून कुक्‌कुक् आवाज काढायची आणि दोऱ्याच्या बॉबिनी पळवून कपाटाखाली नेऊन ठेवायची. माझं इंग्रजी शाळेपुरतंच, तरी मॅडमने मला एवढं समजावलं होतं की यांना फक्त मांस आणि अंडं द्यायचं, गोड अजिबात नाही आणि ऊन तर मुळीच नाही. तिच्या बंगल्यात त्यांच्यासाठी वेगळा एसी होता.

मग युनिट पुरं व्हायच्या आधीच काहीतरी बिनसलं आणि ते दोघं घाईघाईने निघून गेले. जिथे चालले होते तिथे जनावरं नेऊ देत नव्हते. मॅडमने ती ड्रायव्हरच्या हवाली केली. ड्रायव्हरला थोड्याच दिवसांत दुसरीकडे काम लागलं.

कॉलनीचा वॉचमन एका सकाळी दारात आला. "ताई, ती मुंगसं पंपाच्या खोलीत हायत. बघायला कोण येत नाय. मेली म्हंजे पाप माझ्या माथी."

मी गेले. पंपाच्या घरघरीत, तेलकट जमिनीवर, पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात दोघं एकमेकांत गुंडाळून पडलेली. पाण्याचं भांडं कोरडं. पांढऱ्याने मान वर केली आणि माझा हात हुंगला. मी पिंजरा उचलून घरी आणला.

हे संध्याकाळी आले, बघितलं आणि बूट न काढताच खुर्चीवर बसले. "हे काय आणलंस?"

"कोणीतरी न्यायला येईपर्यंत."

"कोण येणार आहे?"

मी पिंजऱ्यातलं पाण्याचं भांडं भरायला घेतलं.

मी चौकशी केली. वनखात्यातला माणूस म्हणाला, रानातलं असतं तर घेतलं असतं, हे पाळीव आणि त्यात परदेशातलं. ह्यांच्या ओळखीच्या एकाने मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात विचारून बघितलं, तिथेही नकार. कोलाडकडचा एक शेतकरी मात्र आनंदाने तयार होता. त्याच्या गोठ्यात साप फार. "नागाला फाडून टाकतील ना?" त्याने विचारलं. मी त्याला चहा देऊन परत पाठवला.

तोवर चैत्र संपला. कॉलनीत दुपारी वीज जायची. मी गोणपाटं भिजवून पिंजऱ्यावर टाकायची, मासळी बाजारातून बर्फाचा चुरा आणून फडक्यात बांधून आत ठेवायची. पांढरा त्या फडक्याला बिलगून झोपायचा. तपकिरी वयाने मोठा होता, त्याला तेवढंही जमेना. एका दुपारी तो चारी पाय पसरून, तोंड उघडं टाकून फरशीवर चिकटल्यासारखा पडला. मी त्याला ओल्या टॉवेलात घेतलं, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. हातात धरलेल्या छातीची धडधड लागत होती, ती लागेनाशी झाली. पंखा सुरू झाला तेव्हा मी त्याला पाटावर ठेवलेलं होतं.

पांढरा त्यानंतर त्याच्या जागी जाऊन हुंगायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. खाणं कमी झालं. कुक्‌कुक् तर पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

माझी मावशी पेणला. काका गेल्यावर गणपतीचा कारखाना तीच बघायची. मूर्तींचे डोळे अजून स्वतः रंगवायची. कारखान्याची मागची खोली दगडी, पावसाळ्याआधीही गार. मी पांढऱ्याला तिच्याकडे नेलं. तिने त्याला पाहिलं आणि मांडीवर घेतलं. "ठेव गो माझ्याकडे. घरात मी एकटी. उंदीर नाय मारले तरी चालेल."

मी तिला सगळं सांगितलं. मांस, अंडं, गोड नाही. ती आयुष्यभराची शाकाहारी, पण नाकाला पदर लावून रोज त्याच्यासाठी कलेजी आणायची. पुढच्या खेपेला गेले तर तो रंगाच्या चिंध्यांच्या टोपलीत झोपलेला आणि मावशी त्याची झोप मोडू नये म्हणून कामगारांना हळू बोलायला लावत होती. मला वाटलं, याचं झालं एकदाचं. परतीच्या एसटीत मी नागोठण्यापर्यंत खिडकीला डोकं टेकून निवांत झोपले.

श्रावणात मूर्ती न्यायला लोक येऊ लागले. कोणाच्या तरी लहान मुलीने मागच्या खोलीत डोकावलं आणि ओरडली, "आई, गणपतीचा उंदीर!"

मावशीने सांगून बघितलं की तो उंदीर नाही. पण पांढरं अंग, गुलाबी डोळे, आजूबाजूला ओळीने गणपती. लोक हात जोडू लागले. बायका घरून पेढे आणायच्या, कोणी मोदक. मावशीने पिंजऱ्याला कापड लावलं, गोड देऊ नका म्हणून पाटीवर लिहून ठेवलं, दोघा जणांना तर रागावून बाहेर काढलं. पण ती डोळे रंगवायला बसली की मागे कोण जातंय हे तिला कळत नसे. आणि त्याला गोड आवडायचं. जाळीतून जीभ बाहेर काढून चाटायचा. देणाऱ्याला वाटायचं, प्रसाद घेतला.

शेजाऱ्यांकडे मावशीचा फोन आला. "गो, तो मागच्या पायांनी लुळा पडतोय. तोंडातून लाळ गळते. तू ये."

मी निघाले. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं. एसटी थांबली, माणसं उतरून पाण्याकडे बघत उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, आज नाय जमणार. मागे फिरावं लागलं. पाणी ओसरून मी पेणला पोचले तोवर त्याला झटके येऊ लागले होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर ठेवून पोट चाचपलं. "बाई, मी म्हशी बघतो, शेळ्या बघतो. याला किती औषध द्यायचं ते मला कुठे विचारायचं हेसुद्धा माहीत नाही." तरी त्यांनी एक इंजेक्शन दिलं. फी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या मांडीवरच त्याने जीव सोडला. बाहेर पुढच्या पडवीत लोक मूर्ती उतरवून घेत होते, टेम्पोवाला घाई करत होता. एक बाई आत आली, हात जोडायला. मावशी म्हणाली, "झोपलाय." बाईने पेढा कोनाड्यात ठेवला आणि गेली.

"खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तिच्या घरी उद्या गणपती बसतोय गो. काय सांगू?"

आम्ही त्याला परसात पुरलं. मावशीने त्या वर्षी उरलेले डोळे दुसऱ्याकडून रंगवून घेतले. पुढच्या वर्षीही तिने ब्रश उचलला नाही, आणि मग कारखानाच दिराच्या मुलांकडे गेला.

ह्यांची नोकरी पुढे डोलवीला लागली. तिथे माझ्याविषयी काहीबाही पोचलं होतं की ही बाई टाकलेली जनावरं सांभाळते. एका दुपारी मिठागरावरचा एक माणूस गोणी घेऊन आला. कोण्या बंगलेवाल्याने जाताना सोडलेले ससे होते. गोणी हलत होती.

"तुमी ठेवा ताई. दुसरं कोण हाय?"

"माझ्याकडे जगत नाहीत ती," मी म्हटलं.

त्याने पाणी मागितलं, ओट्यावर बसून प्यायला. मग गोणीचं तोंड घट्ट आवळलं, खांद्यावर टाकली आणि उन्हातून वडखळच्या दिशेने चालू लागला.