सातविणीची साल

"बोटं टेक इथं," सर म्हणाले.

काचेच्या बशीत जंतू वाढवायचं खाद्य थिजवलेलं होतं. मी पाचही बोटं टेकली. दोन दिवसांनी त्यांनी ती बशी अख्ख्या वर्गासमोर वर धरली. पाच पांढुरके, चिकट डाग.

"हे थेट ठाकरवाडीहून आलेले पाहुणे!"

हशा पिकला. दुसऱ्या कुणाची बोटं त्यांनी मागितली नव्हती. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मी कर्जतच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होते. सातविणीच्या सालीचा अर्क जंतू मारतो का, हा माझा विषय. झाड बाबांनी दाखवलेलं, कोंडाणे लेण्यांच्या वरच्या रानात. पोट बिघडलं की आमच्या ठाकरवाडीला तीच साल. बाबा बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवतात, झाडाला विचारतात आणि उगवतीकडची तळहाताएवढीच काढतात. वर ओली माती लिंपतात.

सरांना पाच किलो हवी होती. ती घ्यायला ते स्वतः रानात आले.

"येवडी नाय काढायची, सायेब. झाड मरंल," बाबा म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. "शिकलीस ना तू? समजाव यांना."

मी समजावलं नाही. बाबांच्या हातून कोयता घेतला आणि बुंधा चहूबाजूंनी सोलला. मला सरांच्या नजरेत शिकलेली दिसायचं होतं. पांढरा चीक माझ्या कोपरापर्यंत ओघळला. बाबा तांदळाची पुरचुंडी धरून नुसते उभे होते.

अर्क लागू पडला. बशीत त्याच्या आसपास जंतू उगवलेच नाहीत. सरांचं कौतुक झालं. पुढच्या उन्हाळ्यात सातवीण उभ्या उभ्या वाळली. मी आता त्या वाटेनं जात नाही. तरी डोळे मिटले की ते नागडं खोड समोर येतं. मी मारलं त्याला. सरांनी नाही, मी.

गेल्या महिन्यात सर म्हणाले, "दुसरं झाड बघ. वडिलांना विचार."

"नाही विचारणार."

"मग प्रबंधावर माझी सही विसर."

"विसरले."

 शब्द मागे घेतला नाही.

रानात अजून तीन सातविणी आहेत. बाबांना ठाऊक आहेत, मलाही. साल कुठून आणली, त्याचा रकाना प्रबंधात असतो. तो वाचून कुणीही या रानात पोचेल, म्हणून मी तो कोरा ठेवलाय. पदवी अडली तर अडू दे. त्या तिघींचा ठावठिकाणा माझ्या तोंडून कुणालाही कळणार नाही.